सायकलस्वाराने आपले मत कसे वापरावे

वाशिम जिल्ह्यात महानगरपालिका नाही. वाशिम, कारंजा, रिसोड व मंगरूळपीर या चार नगरपरिषदा, मालेगाव व मानोरा या दोन नगरपंचायती, एक जिल्हा परिषद, सहा पंचायत समित्या आणि खेडोपाडीच्या ग्रामपंचायती एवढ्यांच्या हाती येथील गल्लीबोळांचा, वेशींचा आणि गावरस्त्यांचा बहुतेक कारभार आहे. आणि ज्याचे रोजचे जाणेयेणे दोन चाकांवर, स्वतःच्या पायांच्या बळावर चालते, त्याच्या सुखदुःखाचा निवाडा दिल्ली-मुंबईच्या सभागृहांपेक्षा याच कचेऱ्यांतून अधिक होतो. लोकसभेच्या निवडणुकीने घरासमोरच्या मोरीवर झाकण बसत नाही. ते बसते नगरपरिषदेच्या ठरावाने, बांधकाम समितीच्या शिफारशीने आणि मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने. असे असूनही स्थानिक निवडणुकीचे मत देताना जात पाहिली जाते, नातेगोते पाहिले जाते, आळीचा आग्रह पाहिला जातो, पक्ष पाहिला जातो. ज्या रस्त्याने आपण मतदान केंद्रावर आलो तो रस्ता मात्र क्वचितच पाहिला जातो. तो कसा पाहावा, आणि पाहून झाल्यावर मत कोठे, कसे व कोणत्या तयारीने द्यावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सायकलस्वार म्हणताच काही वाचकांच्या डोळ्यांसमोर शिरस्त्राण घालून पहाटे व्यायामाला निघणारी हौशी मंडळी उभी राहतील. त्यांचेही स्वागत आहे. परंतु आपल्या जिल्ह्यातील सायकलस्वारांचा मोठा समुदाय निराळाच आहे. बाजार समितीत पोत्यांच्या कामाला जाणारा हमाल, दुकान उघडण्यापूर्वी झाडलोट करण्यासाठी पोहोचलेला नोकर, कॅन अडकवून फिरणारा दूधवाला, पेपर टाकणारा विद्यार्थी, आणि सर्वांत मोठ्या संख्येने, दप्तर कॅरियरला दाबून शाळेला निघालेल्या मुली. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून खेड्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेच्या प्रवासासाठी सायकली देण्यात येतात. शासनाने सायकल दिली. ती ज्याच्यावरून चालवायची तो रस्ता देणे हे स्थानिक संस्थेचे काम राहिले. या मुलींपैकी बहुतेकींना मताचा अधिकार नाही. म्हणून ज्या आईबापांनी, आजोबांनी वा काकांनी स्वतः वर्षानुवर्षे पायडल मारलेले नाही, त्यांनीही घरात एक सायकल असेल तर आपण सायकलस्वारांचे मतदार आहोत असे निःशंक मानावे.

पहिले काम यादीचे. स्थानिक निवडणुकीसाठी निराळी मतदार नोंदणी होत नाही. विधानसभेचीच मतदार यादी घेऊन तिचे प्रभागवार, गटवार वा गणवार विभाजन केले जाते. आपल्या जिल्ह्यात रिसोड, वाशिम आणि कारंजा असे तीन विधानसभा मतदारसंघ आहेत, आणि त्यांच्या यादीत ज्याचे नाव नाही त्याला नगरपरिषदेच्या वा जिल्हा परिषदेच्या निवडणुकीतही मत नाही. राज्य निवडणूक आयोग एक दिनांक ठरवून त्या दिवशी अस्तित्वात असलेली यादी स्वीकारतो. २०२५ च्या डिसेंबरात झालेल्या नगरपरिषद निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ हा दिनांक धरला होता. याचा व्यवहारातला अर्थ असा, की निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणाऱ्याच्या हाती बहुधा निराशाच येते. नवे नाव घालण्यासाठी नमुना ६ आणि पत्ता बदलण्यासाठी वा दुरुस्तीसाठी नमुना ८ हे अर्ज आपल्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, तहसील कचेरीत किंवा भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर वर्षभर देता येतात. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार दिनांकांना अनुसरून अठरा वर्षे पूर्ण होणाऱ्यांची नोंद होते, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्जही करता येतो. बारावीत सायकलने जाणाऱ्या मुलीचा हा अर्ज भरून देणे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी विसरू नये असे काम आहे.

यादीची दुसरी पायरी याहून महत्त्वाची, आणि तिच्याकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष नसते. प्रभागवार प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की हरकती घेण्यासाठी काही दिवसांची मुदत मिळते. या मुदतीत नवे नाव घालता येत नाही, पण आपले नाव शेजारच्या प्रभागात पडले असेल तर ते दाखवून देता येते. नाव दुसऱ्या प्रभागात गेले तर आपल्या गल्लीच्या रस्त्याविषयी ज्याला जाब विचारायचा त्याला आपण मतच देऊ शकत नाही, आणि ज्याला मत देतो त्याच्या हद्दीत आपली सायकल कधी जातही नाही. प्रारूप यादी नगरपरिषदेच्या कचेरीत पाहावयास मिळते. एका आळीतील चार जणांनी मिळून तास-दोन तास खर्चून आपापल्या घरांची नावे तपासली तर सगळ्या आळीचे काम होते.

आता मत किती आणि कोणते, हे पाहू. नगरपरिषदेत साधारणतः एका प्रभागातून दोन सदस्य निवडले जातात, एकूण सदस्यसंख्या विषम असल्यास एका प्रभागात तीन. शिवाय नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो. म्हणजे वाशिमच्या किंवा कारंज्याच्या मतदाराजवळ एक मत नसून बहुधा तीन मते असतात. नगरपंचायतीत प्रभागातून एकच सदस्य, आणि नगराध्यक्ष वेगळा. खेड्यातल्या मतदाराला जिल्हा परिषदेच्या गटासाठी एक आणि पंचायत समितीच्या गणासाठी एक अशी दोन मते, आणि ग्रामपंचायतीच्या वेळी सरपंचाचे निराळे मत व वॉर्डातील जागांची निराळी मते मिळतात. प्रचाराच्या वेळी पॅनेलची एकच चिठ्ठी हाती देऊन, तीनही मते जणू एकाच दोरीने बांधलेली आहेत असे मतदाराला सांगितले जाते. तशी ती बांधलेली नाहीत. ‘अ’ जागेचा उमेदवार एका पक्षाचा, ‘ब’ जागेचा दुसऱ्या पक्षाचा आणि नगराध्यक्ष तिसराच, असे मत देण्याची पूर्ण मुभा कायद्याने दिलेली आहे. सायकलस्वाराच्या दृष्टीने ही मुभा फार मोलाची आहे, कारण रस्त्याच्या प्रश्नावर नीट उत्तर देणारी माणसे एकाच पॅनेलमध्ये गोळा झालेली क्वचितच आढळतात.

यानंतरचा प्रश्न सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयुक्त आहे: रस्ता कोणाचा? डांबरावर मालकाचे नाव लिहिलेले नसते; आणि ज्याचा रस्ता नाही त्याच्याकडे तक्रार नेली तर तो सद्गृहस्थ हात वर करून मोकळा होतो, आणि त्याचे म्हणणे खरेही असते. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याच्या कलम ४९ मध्ये नगरपरिषदेची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत सार्वजनिक रस्ते बांधणे व राखणे, दिवाबत्ती करणे, मोऱ्या-गटारे सांभाळणे यांचा समावेश आहे. परंतु शहराच्या हद्दीतून जाणारा प्रत्येक रस्ता नगरपरिषदेचा असतोच असे नाही. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ताब्यात असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे येतात. अकोल्याहून मालेगाव, वाशिम, हिंगोलीकडे जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यंत्रणेचा विषय आहे. वाशिम शहरात अकोला नाका, पुसद नाका, हिंगोली नाका, रिसोड नाका अशी जी नाक्यांची नावे आहेत, तीच सांगतात की हे गाव बाहेरगावी जाणाऱ्या वाटांच्या संगमावर वसलेले आहे. आणि अशा गावात सायकलस्वाराला घरापासून पाटणी चौकापर्यंत यायचे झाले तरी वाटेत दोन-तीन खात्यांच्या हद्दी ओलांडाव्या लागण्याचा संभव असतो.

म्हणून निवडणुकीच्या काही महिने आधीच एक काम करून ठेवावे. एका कागदावर आपल्या रोजच्या वाटेचा कच्चा नकाशा काढावा: घर, शाळा, बाजार, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन. त्यावर प्रत्येक तुकड्याशेजारी तो कोणत्या खात्याचा हे लिहावे. ठाऊक नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचे शुल्क भरून नगरपरिषदेला साधा प्रश्न करावा, की अमुक ठिकाणापासून अमुक ठिकाणापर्यंतचा रस्ता आपल्या दप्तरी आहे काय, त्याचे काम शेवटी कधी झाले, कोणत्या निधीतून झाले आणि त्याचा दोषदायित्व कालावधी केव्हा संपतो. हा शेवटचा शब्द जरा जड आहे, पण तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. ठेकेदाराने केलेला रस्ता ठरावीक मुदतीच्या आत उखडला तर तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावयाचा असतो. मुदत टळली की तोच खर्च जनतेच्या पैशातून होतो. जो उमेदवार मुदत संपण्यापूर्वी ठेकेदाराकडून काम करून घेण्याचे आश्वासन देतो, तो नव्या रस्त्याचे भूमिपूजन करण्याचे वचन देणाऱ्यापेक्षा माझ्या मते अधिक विश्वासार्ह आहे.

नकाशा झाला की त्यावरील अडचणी जवळून पाहाव्यात. सायकलवरून न उतरता दिसणाऱ्या आणि उतरल्यावरच दिसणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या अडचणी असतात. रस्त्याच्या कडेच्या मोरीवर लोखंडी जाळी असते. तिच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या असतील तर चाक वरून निघून जाते, पण त्या रस्त्याच्या दिशेने उभ्या बसवल्या असतील आणि दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट असेल, तर पुढचे बारीक चाक नेमके त्या फटीत उतरते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. जाळी तीच, खर्च तोच. केवळ काटकोनात फिरवून बसवली की अपघात टळतो. अशी एक जाळी फिरवून घेणे हे नगरसेवकाच्या एका फोनचे काम आहे, आणि म्हणूनच ते मागण्याजोगे आहे.

गतिरोधकाचेही तसेच. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकांसाठी जे मानक ठरवून दिले आहे, त्यात गोलाकार उंचवट्याची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर सांगितली आहे. म्हणजे चढ-उतार इतका सावकाश, की ताशी पंचवीस किलोमीटरने येणारे वाहन सुखाने पार व्हावे. आपल्या गल्लीत मात्र कोणा वजनदार माणसाच्या दारापुढे हात-दीड हात रुंदीचा आणि तितक्याच बेताने उंच केलेला सिमेंटचा वरंबा दिसतो, त्याच्यावर पांढरा पट्टा नाही, आधी फलक नाही, आणि रात्री दिवाही नाही. मोटारसायकल दणका खाऊन जाते. ओझे लादलेल्या सायकलवाल्याला मात्र उतरून ढकलावे लागते. टेप घेऊन आपल्या वाटेवरचे दोन-चार गतिरोधक मोजावेत आणि ती मापे उमेदवाराला दाखवावीत. मापासमोर भाषण टिकत नाही.

याशिवाय पाहण्याजोग्या गोष्टी म्हणजे डांबराची कड आणि साइडपट्टी यांच्यातील उंचीचा फरक, जो बस मागून आली म्हणजे सायकलस्वाराच्या जिवावर बेततो. शाळेच्या रस्त्यावरचे बंद पडलेले पथदिवे. आणि न्यायालय, जिल्हा परिषद, तहसील, दवाखाना या सार्वजनिक इमारतींच्या आवारात सायकल कुलूप लावून ठेवण्याजोगी सावलीची जागा. वाशिमच्या एप्रिल-मेच्या उन्हात तासभर उघड्यावर राहिलेल्या सायकलीचे सीट आणि ट्यूब यांची काय अवस्था होते ते पंक्चरवाल्याला विचारावे.

येथे एक मोह टाळण्याची विनंती आहे. सायकलचा प्रश्न निघाला की ‘सायकल ट्रॅक’ हा शब्द सर्वांच्या ओठी येतो, आणि उमेदवारही तो आनंदाने उचलतो, कारण त्यात छायाचित्र आहे, उद्घाटन आहे आणि मोठा निधी आहे. पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. तेथील महानगरपालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्याआधीही तेथे कित्येक किलोमीटरचे सायकल मार्ग बांधले गेले होते. आणि तरीही ते मार्ग जागोजाग तुटलेले, दुकानांच्या फळ्यांनी व उभ्या वाहनांनी अडलेले असल्याची तक्रार पुणेकर सायकलस्वार आजही करतात. कारण मार्ग बांधणे एका वर्षाचे काम आहे. तो मोकळा ठेवणे हे रोजचे. वीस-तीस फुटी रस्त्यांच्या आपल्या गावांत पहिली मागणी स्वतंत्र ट्रॅकची असू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शाळेची वाट सुरक्षित, मोऱ्या झाकलेल्या, दिवे चालू आणि कडेची अतिक्रमणे दूर, एवढे पाच वर्षांत झाले तर पुढच्या निवडणुकीत ट्रॅकही मागता येईल.

मागणी कशी करावी याचा एक उत्तम नमुना लंडनच्या सायकलस्वारांनी घालून दिला. २०१४ च्या मे महिन्यातील तेथील स्थानिक निवडणुकांपूर्वी लंडन सायकलिंग कॅम्पेन या संस्थेने सबंध शहराकरिता एकच लांबलचक जाहीरनामा काढण्याऐवजी शहरातील प्रत्येक प्रभागासाठी एकेक नेमकी मागणी निश्चित केली. एका प्रभागात अमुक चौक, दुसऱ्यात अमुक शाळेसमोरची गल्ली. आणि त्या त्या प्रभागाच्या उमेदवारांना ती तुम्हाला मान्य आहे काय असा थेट प्रश्न केला. स्थानिक लोकांनी स्वतः ती मागणी निवडलेली असल्यामुळे उमेदवाराला ‘पाहू, करू’ असे म्हणून सुटण्यास वाव राहिला नाही. वाशिम वा मंगरूळपीरच्या एका प्रभागात हे करणे लंडनपेक्षा सोपे आहे, कारण येथे उमेदवार मतदाराच्या ओळखीचा असतो, आणि प्रचाराच्या दिवसांत तो स्वतःच दारात येतो.

तो दारात आला की त्याला ओट्यावर बसवावे, पाणी द्यावे आणि शेजारच्या दोन घरांतील माणसांना बोलावून घ्यावे. एकट्याने ऐकलेले आश्वासन एकट्याचेच राहते. चौघांनी ऐकलेले वचन बदलणे कठीण जाते. मग प्रश्न करावा, आणि तो असा करावा की त्याचे उत्तर हो किंवा नाही असेच यावे. ‘सायकलवाल्यांसाठी तुम्ही काय करणार?’ या प्रश्नाला प्रत्येक जण उत्तम उत्तर देतो. ‘शाळेच्या फाटकासमोरच्या मोरीची जाळी जूनच्या आत बदलून देणार काय?’ या प्रश्नाला मात्र उत्तर द्यावेच लागते. शक्य असेल तर मागणी कागदावर लिहून तिच्याखाली उमेदवाराची सही घ्यावी. तीनही जागांच्या सर्व प्रमुख उमेदवारांना तोच कागद द्यावा, म्हणजे निवडून कोणीही आला तरी कागद उपयोगी पडतो. उमेदवारी अर्जासोबत जोडलेली शपथपत्रेही वाचावीत. त्यांत शिक्षण, मालमत्ता आणि प्रलंबित गुन्हे यांची माहिती असते, आणि एखाद्याचा व्यवसाय ठेकेदारी आहे असे त्यावरून कळले तर रस्त्याच्या कामाविषयी त्याला विचारायचा प्रश्न अधिक सावधपणे तयार करता येतो.

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. प्रचाराला पुष्कळदा उमेदवार बाईंचे पती, दीर किंवा मुलगा पुढे येतो आणि उत्तरेही तोच देतो. अशा वेळी नम्रपणे पण निश्चयाने सांगावे, की ताईंशीच बोलायचे आहे. शाळेत जाणाऱ्या मुलीला रस्त्यात काय त्रास होतो, अंधाऱ्या वळणावर ती सायकलवरून का उतरते आणि पावसाळ्यात तिचे शाळेचे दिवस का बुडतात, हे त्या बाईंना सांगावे लागणारच नाही, इतके ते त्यांना माहीत असते. आणि सभागृहात बोलण्याचे बळ त्यांना आपल्या या आग्रहातूनच मिळते.

आरक्षणाची आणखी एक बाजू ध्यानात घ्यावी. जागांचे आरक्षण सोडतीने ठरते आणि निवडणुकीगणिक बदलू शकते. त्यामुळे आज वचन देणारा सदस्य पुढच्या वेळी त्याच प्रभागातून उभा राहीलच असे नाही. आपल्या जिल्ह्याने याचा अनुभव फार जवळून घेतला आहे. २०२० च्या जानेवारीत वाशिम जिल्हा परिषदेची निवडणूक झाली. आरक्षण पन्नास टक्क्यांपलीकडे गेल्याच्या वादावर सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी निकाल दिला, त्यानुसार इतर मागास प्रवर्गातील जागा रिक्त ठरल्या आणि ५ ऑक्टोबर २०२१ रोजी पोटनिवडणुका घ्याव्या लागल्या. पुढे राज्यभर स्थानिक निवडणुका लांबल्या, नगरपरिषदांचा कारभार काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिला आणि ६ मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतरच निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. व्यक्ती अशा बदलत असताना टिकते ती सभागृहाच्या कार्यवृत्तातली नोंद. म्हणून उमेदवाराकडून ‘मी करीन’ या शब्दाबरोबरच ‘मी तसा ठराव मांडीन’ हा शब्दही घ्यावा.

खेड्यातील सायकलस्वाराची अडचण वेगळ्या जातीची आहे, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे अवश्य आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातील आपली काळी माती सोयाबीन-तुरीला मानवणारी, पण चाकांची वैरीण. पावसाची एक सर येऊन गेली की पांदणीतल्या चिखलाचा गोळा मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये दाटून बसतो, चाक फिरेनासे होते, आणि मुलीला तुरीची काडी मोडून तो गाळ खरवडून काढावा लागतो. दहा पावलांवर पुन्हा तेच. अनेक जणी मग सायकल डांबरी रस्त्याजवळच्या ओळखीच्या घरी ठेवतात आणि तेथवर चिखल तुडवत येतात. येथे प्रश्न सायकलचा दिसतो, पण उत्तर पांदण रस्त्याच्या खडीकरणात आणि ओढ्यावरच्या नळकांडी पुलात आहे. राज्यात २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना लागू आहे. तिच्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, आणि वाट शिवारातल्या बांधांमुळे अरुंद झाली असेल तर मोजणी करून हद्द कायम करण्यासाठी तहसीलदारांकडे जावे लागते. म्हणून सरपंचपदाच्या उमेदवाराला विचारायचा प्रश्न असा: शाळेच्या वाटेवरची पांदण पहिल्या वर्षाच्या आराखड्यात घेणार काय, आणि तिच्यावरील अतिक्रमण काढताना स्वतःच्या भावकीपुढेही उभे राहणार काय? दुसरा भाग कठीण आहे. पण खेड्यातल्या रस्त्याचे काम बहुतेक वेळा पैशापेक्षा याच ठिकाणी अडते, हे ज्यांनी पांदणीचे भांडण पाहिले आहे ते मान्य करतील.

समृद्धी महामार्गाने आपला जिल्हा नागपूर-मुंबईच्या वाटेवर आणून ठेवला. मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा तालुक्यांतून तो जातो. त्यावर सायकलला प्रवेश नाही, आणि तो नसणेच योग्य. परंतु ज्या गावांचे शिवार अशा महामार्गाने दुभागले जाते, तेथील मुलांना जुन्या वाटेऐवजी भुयारी मार्गाने वळसा घालून जावे लागते, आणि त्या मार्गात पावसाचे पाणी साचले की वाट बंद. भुयारी मार्गातला निचरा आणि त्याला जोडणारा गावरस्ता यांचा पाठपुरावा संबंधित यंत्रणेकडे करणे, जिल्हा नियोजन समितीत तो विषय काढणे, हे जिल्हा परिषद सदस्याकडून अपेक्षिण्याजोगे काम आहे. गटाच्या मताची किंमत येथे कळते.

मतदानाच्या दिवसाविषयी थोडेसेच. २ डिसेंबर २०२५ च्या नगरपरिषद मतदानात वेळ सकाळी साडेसात ते सायंकाळी साडेपाच अशी होती. विधानसभेच्या सवयीने कोणी सहा वाजेपर्यंत अवधी आहे असे धरून चालू नये, जाहीर झालेली वेळ आधी पाहून ठेवावी. ओळखपत्र खिशात असू द्यावे, मोबाइल घरी ठेवावा. उमेदवाराच्या गाडीतून केंद्रावर जाऊ नये. मतदारांची अशी ने-आण बेकायदेशीर आहे, आणि ज्याच्याजवळ सायकल आहे त्याला तिची गरजही नाही. घरात वृद्ध कोणी असतील तर त्यांना आपल्या घरच्या माणसाने न्यावे. यंत्रावर प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र बटण दाबायचे असते, आणि सर्व जागांची मते नोंदवली गेल्यावरच लांब आवाज होतो. एकच बटण दाबून घाईने निघणारा मतदार आपली उरलेली मते तशीच टाकून येतो. एखाद्या जागेचा कोणीही उमेदवार पटला नाही तर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण त्या जागेपुरते वापरता येते.

निकालानंतर महिनाभर सत्काराचे हार चालू असतात. त्यांत वेळ घालवू नये, आणि फार उशीरही करू नये. नगरपरिषदेचे पुढील वर्षाचे अंदाजपत्रक मार्चपूर्वी तयार होते, आणि त्यात तरतूद झाली नाही तर आश्वासन एक वर्ष मागे पडते. त्यामुळे निवडणूक हिवाळ्यात झाली असेल तर जानेवारीतच अर्ज द्यावा: नगराध्यक्षांच्या नावे मूळ प्रत, मुख्याधिकाऱ्यांना एक, प्रभागाच्या दोन्ही सदस्यांना एकेक. अर्जात रस्त्याचे नाव, नेमकी जागा, मोजमाप, जमल्यास छायाचित्र आणि निवडणुकीपूर्वी सही करून दिलेल्या कागदाची नक्कल जोडावी. आवक-जावक शाखेतून पोच घ्यावी, तीवर आवक क्रमांक आणि दिनांक पडला आहे याची खातरजमा करावी, आणि ती पोच घरातल्या सातबाऱ्याच्या नकला ज्या पेटीत असतात त्याच पेटीत ठेवावी. एप्रिलच्या अखेरीस त्या क्रमांकाचा हवाला देऊन कामाची स्थिती विचारावी. मोऱ्यांच्या जाळ्या, खड्डे आणि साइडपट्ट्या यांची कामे मे महिन्यातच उरकून घ्यावी लागतात, कारण जूनमध्ये पाऊस सुरू झाला की डांबर बसत नाही आणि शाळाही त्याच सुमारास उघडतात.